ऋतुचक्रातील सहा दिवस : अपत्याची वाट पाहणाऱ्या दांपत्यांसाठी

‘लग्नाला तीन वर्षे झाली, अजून कूस उजवली नाही.’ स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात हे वाक्य नेहमी ऐकू येते. बहुधा ते त्या तरुणीच्या तोंडून येत नाही. सोबत आलेली सासू किंवा आई ते बोलते. तरुणी खाली मान घालून बसलेली असते आणि तिचा पती बाहेरच्या बाकावर, नाहीतर चहाच्या टपरीवर असतो. त्याला आत बोलावले तर प्रथम तो गोंधळतो, कारण हा प्रश्न आपला आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

तोवर बरेच काही घडून गेलेले असते. गावच्या पुजाऱ्याकडे कोंबडे-बकरे दिलेले असते, नवस बोललेले असतात, तालुक्याच्या गावी नाना गोळ्या घेऊन झालेल्या असतात, क्वचित नागपूरच्या उपचारांसाठी शेतावर कर्जही काढलेले असते. ‘दुसरी करू’ ही भाषा घरात सुरू झालेली असते. परंतु ‘पाळी कोणत्या तारखेला आली आणि त्यानंतर कोणत्या दिवसांत आपण एकत्र होता?’ हा साधा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसतो. पुष्कळ दांपत्यांना विलंबाचे कारण या प्रश्नाच्या उत्तरातच सापडते. इतरांना ते तेथे सापडत नाही, आणि त्यांनी दिवस मोजण्यात वेळ दवडू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दोन्ही गोष्टी सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न.

बीजाचे आयुष्य

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव स्पष्टपणे सुरू झालेला दिवस. तो ऋतुचक्राचा पहिला दिवस होय. पुढील पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत हे चक्र चालते. या काळात दोहोंपैकी एका बीजकोशात एक स्त्रीबीज पक्व होते, कोशातून बाहेर पडते आणि बीजवाहक नलिकेत येते. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या या क्रियेस बीजमोचन म्हणतात. बाहेर पडलेले स्त्रीबीज जेमतेम बारा ते चोवीस तास फलनक्षम राहते. पुरुषबीज मात्र अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत जगू शकते.

या दोन आकड्यांतच सगळे गणित आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर पुरुषबीजाने धाव घ्यावी, असे सहसा घडत नाही. उलट पुरुषबीज आधीच नलिकेत पोचून वाट पाहत असेल, तर गर्भधारणेची शक्यता अधिक असते. म्हणून बीजमोचनाचा दिवस आणि त्यापूर्वीचे पाच दिवस असे सहा दिवस गर्भधारणेस योग्य ठरतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या २२१ स्त्रियांचा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. ज्या गर्भधारणा झाल्या, त्या या सहा दिवसांतील संबंधांतूनच झाल्या होत्या. बीजमोचनापूर्वी पाच दिवस आधी ही शक्यता सुमारे दहात एक होती आणि बीजमोचनाच्या दिवसापर्यंत ती तीनात एक इतकी वाढत गेली. बीजमोचनानंतरच्या दिवसापासून ती जवळजवळ संपली.

हे ज्ञान फार जुने नाही. सुश्रुताने ऋतुकाल बारा रात्रींचा सांगितला, तर मनुस्मृतीत तो सोळा रात्रींचा मानला आहे. गर्भधारणेला विशिष्ट काळ असतो, एवढे पूर्वजांनी ओळखले होते. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभीही अनेक डॉक्टर पाळीच्या लगतचे दिवस फलदायी आणि मधले दिवस निर्धोक समजत असत. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हाही बीजमोचनाची वेळ जगाला नेमकी ठाऊक नव्हती. त्याच दशकात जपानमधील डॉ. क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियातील डॉ. हर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे ती दाखवून दिली. ओगिनो यांचे सूत्र असे : मागील पाळीपासून पुढे मोजू नका, पुढील पाळीपासून मागे मोजा. बीजमोचन पुढील पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी होते.

चौदावा दिवस सर्वांचा नव्हे

‘पाळीच्या चौदाव्या दिवशी एकत्र राहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या स्त्रीचे चक्र २८ दिवसांचे आहे, तिच्यापुरता तो ढोबळमानाने खरा आहे. इतरांची मात्र त्याने दिशाभूल होते. चक्राच्या एकूण दिवसांतून चौदा वजा केले असता बीजमोचनाचा अंदाजे दिवस मिळतो. चक्र २६ दिवसांचे असेल तर तो बारावा दिवस, आणि योग्य काळ सातव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत. २८ दिवसांच्या चक्रात नवव्यापासून चौदाव्यापर्यंत, ३२ दिवसांच्या चक्रात तेराव्यापासून अठराव्यापर्यंत, आणि ३५ दिवसांच्या चक्रात सोळाव्यापासून एकविसाव्यापर्यंत.

हाही अंदाजच आहे. पुढील पाळी केव्हा येणार हे आधी निश्चित सांगता येत नाही, शिवाय ताप, जागरण, प्रवास, चिंता यांनी बीजमोचन लांबते. वर उल्लेखिलेल्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिले की, ज्यांचे फलदायी दिवस पूर्णपणे दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत येतात, अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच असतात. म्हणून एकाच दिवसाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा थोडा मोठा काळ धरणे शहाणपणाचे ठरते.

आठवडी बाजारावरून मोजणी

आमच्याकडे येणाऱ्या अनेक भगिनींना तारीख आठवत नाही. परंतु ‘बाजाराच्या दिवशी पाळी आली’ किंवा ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आली’ हे त्या अचूक सांगतात. गावोगावचा आठवडी बाजार हे आपल्या भागातील सर्वात भरवशाचे पंचांग आहे. त्याचाच उपयोग करता येतो.

समजा, मंगळवारी पाळी आली. तो पहिला दिवस. पुढचा मंगळवार हा आठवा दिवस आणि त्याच्या पुढचा मंगळवार पंधरावा. ज्यांची पाळी २६ ते ३२ दिवसांनी नियमित येते, त्यांनी आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंतचा काळ योग्य समजावा. म्हणजे पाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारपासून दुसऱ्या मंगळवारनंतरच्या चार दिवसांपर्यंत. हे बारा दिवस आम्ही मनाने ठरवलेले नाहीत. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात विकसित झालेल्या ३२ मण्यांच्या माळेत हेच दिवस पांढऱ्या मण्यांनी दाखवलेले असतात. ती माळ दिवस जाऊ नयेत यासाठी तयार झाली. दिवस जावेत अशी इच्छा असणाऱ्यांनी तीच उलट वाचावी. या बारा दिवसांत दर एक दिवसाआड संबंध ठेवल्यास नेमका दिवस हुडकण्याची गरजच उरत नाही.

पाळीचा पहिला दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणेने नोंदवावा. तेवढेही नसेल, तर कोळशाची रेघ पुरते. तीन-चार महिन्यांच्या खुणा घेऊन आलेली भगिनी डॉक्टरांचे निम्मे काम स्वतःच करून आलेली असते. माडिया गोंड समाजात पाळीच्या दिवसांत स्त्रीने वेगळ्या कुर्माघरात राहण्याची रूढी आहे. पावसाळ्यात, साप-विंचवांच्या भीतीत तेथे राहणे आरोग्याला घातक आहे, आणि ही रूढी बदलावी असेच आम्हाला वाटते. तथापि तेथे जाण्याचा दिवस त्या भगिनींना पक्का आठवतो. तोच आपला पहिला दिवस.

शरीराने दिलेली खूण

बीजमोचन जवळ आले की गर्भाशयमुखातील स्राव बदलतो. आधी घट्ट व चिकट असलेला स्राव पातळ, स्वच्छ, निसरडा होतो. दोन बोटांत धरला तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जातो. असा स्राव दिसणारे दिवस गर्भधारणेस सर्वाधिक अनुकूल असतात, कारण पुरुषबीज त्यातूनच सुखरूप पुढे जाते. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन व डॉ. एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याने याच खुणेवर आधारित पद्धत जगभर शिकवली. तिला ना यंत्र लागते, ना पैसा.

आपल्या भागात मात्र येथे एक मोठी अडचण आहे. अंगावर पांढरे जाणे म्हणजे धुपणी, म्हणजे आजार, अशी स्त्रियांची समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते, आणि त्यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधीतरी अशी तपासणी झाली होती. ग्रामीण स्त्री केवढे दुखणे मुकाट्याने सोसते, हे त्या अभ्यासाने जगाला प्रथम दाखवले.

म्हणून भेद समजून घ्यावा. महिन्याच्या मधल्या तीन-चार दिवसांत येणारा, स्वच्छ, ताणणारा, वास नसलेला स्राव ही निसर्गाची खूण आहे. तिच्यावर औषध घेऊ नये. दहीसारखा, पिवळसर वा हिरवट, दुर्गंधी असलेला, खाज वा आग होणारा, ओटीपोटात दुखण्यासह येणारा स्राव हा जंतुसंसर्ग होय. त्याची तपासणी व उपचार पतिपत्नी दोघांनीही करून घ्यावेत. दुर्लक्षित संसर्गाने बीजवाहक नलिका बंद होऊ शकतात, आणि नलिका बंद असतील तर दिवस कितीही अचूक मोजले तरी उपयोग होत नाही.

आणखी दोन खुणा आहेत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घेतलेले शरीराचे तापमान बीजमोचनानंतर किंचित, म्हणजे सुमारे ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. परंतु ही वाढ दिसेपर्यंत योग्य काळ सरलेला असतो. तेव्हा बीजमोचन होते की नाही, हे मागाहून कळण्यापुरताच तिचा उपयोग. दुसरी खूण लघवी तपासण्याच्या पट्टीची. बीजमोचनापूर्वी साधारण दीड दिवसापासून शरीरात वाढणारे संप्रेरक ही पट्टी दाखवते. पाळी अनियमित असणाऱ्या व बीजकोशात अनेक लहान गाठींसारखे कोश असणाऱ्या स्त्रियांत मात्र ती चुकीची आशा दाखवू शकते. नियमित पाळी असलेल्या स्त्रीने केवळ दिवस कळावा म्हणून वारंवार सोनोग्राफीसाठी शहराच्या खेपा घालण्याचे सहसा कारण नाही.

जागल, मिरची आणि रोजगार

योग्य दिवस माहीत असूनही पतिपत्नी त्या दिवशी एका घरात नसतील तर काय? आपल्या जिल्ह्यांत हा प्रश्न काल्पनिक नाही. धान पिकू लागले की रानडुकरांपासून राखण करण्यासाठी पुरुष रात्रभर जागलीला शेतात असतात. हिवाळा सरताच अनेक मजूर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. काही जण तर महिनोन्‌महिने दूरच्या बांधकामांवर असतात. अशा दांपत्याचे ‘तीन वर्षे’ म्हणजे प्रत्यक्षात मोजके महिनेच एकत्र असतात, आणि त्यांतही योग्य दिवस किती लाभले हे सांगता येत नाही. त्यांना वंध्यत्व आहे असा शिक्का मारणे हा अन्याय आहे. त्यांच्याशी बोलताना आम्ही औषधाआधी वर्षाचा हिशेब मांडतो : कोणत्या महिन्यांत एकत्र राहणे शक्य आहे, सुट्टी केव्हा मिळेल, जागलीला त्या आठवड्यापुरता भाऊ जाईल काय. घरातील वडीलधाऱ्यांनी यात सहकार्य केले, तर ते कोणत्याही नवसाहून मोलाचे ठरेल.

काही समजुती

‘धातू साठवून ठेवला तर मूल होते’ ही समजूत पुरुषांत रूढ आहे. दीर्घ संयमाने पुरुषबीजे जुनी होतात व त्यांची हालचाल मंदावते. रोज वा एक दिवसाआड संबंध ठेवल्याने सामान्य पुरुषाच्या क्षमतेत उणेपणा येत नाही.

सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, ही समजूत तर अनेक संसारांना छळणारी आहे. गर्भाचे लिंग पुरुषबीजावर ठरते. दिवस निवडून ते ठरवता येत नाही. लिंगनिवडीसाठी कोणतेही तंत्र वापरणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलगा होण्याचे दिवस आम्ही कोणालाही सांगत नाही, आणि असे दिवस कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे.

संबंधानंतर तासन्‌तास पाय वर करून पडून राहण्याची आवश्यकता नाही. विशिष्ट आसन वा आहार यांनी दिवस जातात, यालाही आधार नाही.

दिवस मोजण्यापूर्वी

आपल्या भागात पहिली तपासणी सिकलसेलची असावी. चंद्रपूर व गडचिरोलीत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. वाहक व्यक्ती एरवी निरोगी दिसते. परंतु पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ते आधी कळले तर योग्य सल्ला घेता येतो. ज्यांना स्वतःला हा आजार असून हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे, त्यांनी मूल हवे असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे. औषध परस्पर बंद करू नये.

स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासूनच फॉलिक ॲसिडची गोळी, दररोज ४०० मायक्रोग्रॅम, सुरू करावी. सिकलसेल असल्यास मात्रा डॉक्टर ठरवतील. रक्तक्षय असल्यास भरून काढावा. पुरुषाने खर्रा, तंबाखू व दारू सोडावी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी व्यसनाचा प्रश्न संपलेला नाही, आणि खर्रा तर घरोघरी पोचला आहे. पुरुषबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज व्यसन सोडले तर त्याचे फळ तीन महिन्यांनी दिसते. त्याचप्रमाणे मलेरियासारख्या जोराच्या तापानंतर काही आठवडे बीजसंख्या घटलेली असू शकते. तेव्हा एका सदोष अहवालाने खचून न जाता तपासणी पुन्हा करावी. ‘अंतरा’ इंजेक्शन बंद केल्यावरही पाळी व बीजमोचन पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. ते वंध्यत्व नव्हे.

मोजणी केव्हा थांबवावी?

नियमित संबंध ठेवणाऱ्या तरुण दांपत्यांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक जणांना वर्षभरात दिवस जातात. उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षात यश येते. म्हणून दोन-चार महिन्यांत निराश होऊ नये. परंतु वर्ष उलटूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनीही तपासणी करावी. स्त्रीचे वय ३५ वा अधिक असेल तर सहा महिनेच थांबावे. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य वेदना होत असतील, पूर्वी क्षयरोग वा ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा पतीला वृषणांचा आजार झाला असेल, तर मुळीच थांबू नये. जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्या देशात नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे, आणि तो पुष्कळदा खोकल्यावाचूनच येतो.

तपासणीचा आरंभ पतीच्या वीर्यतपासणीने व्हावा, असा आमचा आग्रह असतो. ती सर्वात सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. दोष पुरुषात असूनही पत्नीवर वर्षानुवर्षे उपचार होत राहिल्याची उदाहरणे आम्ही पाहतो, आणि त्या वर्षांची भरपाई कोणतेही औषध करू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की, जगात सुमारे सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. एवढ्या सर्वसामान्य गोष्टीसाठी एका स्त्रीला ‘वांझ’ म्हणून हळदीकुंकवातून, बारशातून, घरातून दूर सारणे हे अज्ञान तर आहेच, क्रौर्यही आहे.

एक विनंती

या लेखात सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. त्यांना वेळ लागतो : अर्धा तास दांपत्याजवळ बसून, त्यांच्या बोलीत, दार लावून बोलणारी प्रशिक्षित परिचारिका लागते. एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा कसबी तंत्रज्ञ लागतो. सिकलसेलची चाचणी गावाजवळ व्हावी लागते, कारण गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर दूर आहे आणि भामरागडहून तर गडचिरोलीच तेवढे लांब पडते. धर्मादाय रुग्णालयाच्या हिशेबात अशी कामे भव्य इमारतीसारखी डोळ्यांत भरत नाहीत. तरीही आमच्या दात्यांनी आणि विश्वस्तांनी ती मोलाची मानावीत, ही विनंती.

आणि कुटुंबीयांना एवढेच सांगणे : पुढच्या वेळी सुनेला घेऊन याल तेव्हा मुलालाही सोबत आणा, आणि त्याला बाहेरच्या बाकावर बसवू नका. सोबत दिनदर्शिकेचे ते पान आणा. कोळशाच्या रेघा मोजून आलात तरी चालेल.